मुळाचं टोक

आवाज इतका बारीक होता की खोलीतल्या दुसऱ्या कोणाला तो ऐकू गेला नसावा. ऊर्मिलालाही तो कानांनी ऐकू आला नाही. चिमट्याच्या दांड्यातून तो तिच्या मनगटात आला, तिथून कोपरापर्यंत चढला आणि थांबला. दाढ तर हातात आली होती. तिने ती दिव्याखाली फिरवून पाहिली. गालाच्या बाजूची दोन मुळं अखंड होती, टोकाशी जराशी वाकलेली, पिवळट. टाळूच्या बाजूचं तिसरं, सगळ्यांत जाड मूळ मात्र निमुळतं होण्याआधीच संपलं होतं. तिथे तिरका, पांढरा, खडबडीत काप होता. उरलेला तुकडा, असेल चार-पाच मिलिमीटरचा, पेशंटच्या, हेर ब्रेनर यांच्या, वरच्या जबड्यात, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी राहिला होता. आणि हे सगळं नीट उमगायच्या आत ऊर्मिलाची डावी मूठ त्या दाढेभोवती मिटली होती.

मूठ तिने मिटली नव्हती. ती आपणहून मिटली होती, आणि त्याचंच तिला नवल वाटलं. मे महिन्यातला गुरुवार होता, सकाळचे पावणेदहा. एका जर्मन विद्यापीठाच्या दंतचिकित्सालयात दुसऱ्या मजल्यावर नवव्या सेमिस्टरच्या विद्यार्थ्यांचा शस्त्रक्रियेचा कोर्स चालू होता. छातीइतक्या उंचीच्या पार्टिशनांमध्ये आठ खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपाशी दोन विद्यार्थी, एक करणारा आणि एक मदतीला. शेजारच्या पार्टिशनमधून कोणाचातरी सौम्य, पाठ केल्यासारखा आवाज येत होता, आता थोडं टोचेल, आता थोडं दाबल्यासारखं वाटेल. सक्शनची नळी हेर ब्रेनर यांच्या गालात घुर्र करत होती. ती नळी धरणारी फ्रान्झिस्का चोवीस वर्षांची होती आणि तिचं लक्ष नळीच्या टोकाकडे होतं. तिने काही पाहिलं नव्हतं. कोणीच काही पाहिलं नव्हतं. मिटलेल्या मुठीत काय आहे ते या क्षणी जगात फक्त ऊर्मिला पोतदारला ठाऊक होतं.

तिचं वय चाळीस. या हॉलमध्ये ती नऊ वर्षं होती, पण खुर्चीच्या या बाजूला नाही. या बाजूला ती यायला लागून पाच आठवडे झाले होते. त्याआधी नऊ वर्षं ती मदतनीस होती. पेशंटच्या गळ्यात कागदी रुमाल बांधायची, हत्यारं मांडायची, सक्शन धरायची, आणि करणाऱ्याने हात पुढे करायच्या आधी नेमकं हवं ते त्याच्या तळव्यात ठेवायची. दर सहा महिन्यांनी नवी बॅच यायची. पहिल्याच दिवशी ती मनाशी ठरवून टाकायची, हा होईल सर्जन, ही होणार नाही. उजव्या हाताकडे ती बघतच नसे. डावा हात जबडा कसा धरतो, हाडाला आधार देतो की नुसता ओठ बाजूला करतो, यावरून तिला कळायचं, आणि तिचा अंदाज क्वचितच चुकायचा. हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही. मदतनिसाने काय सांगायचं? पण बसने घरी जाताना ते एक गुपित सुख असायचं, की या इमारतीतल्या हातांबद्दल मला जे माहीत आहे ते फार थोड्यांना माहीत आहे. आणि त्या सुखाच्या तळाशी, तितकंच गुपित, एक दुखरं काहीतरी, की मला हे माहीत आहे कारण मीसुद्धा त्यांच्यातलीच आहे.

नवऱ्याला, हृषिकेशला, वाल्डॉर्फच्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली तेव्हा, दोन हजार साली, ती मिरजेत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात दिवसाला सात-आठ दात काढत होती. इथे आल्यावर भाषा शिकायला दीड वर्ष गेलं. मग सगळी सर्टिफिकिटं भाषांतर करून, शिक्के मारून ती ऑफिसात घेऊन गेली. खिडकीमागच्या बाईने फार सभ्यपणे सांगितलं की पदवीचा प्रश्नच नाही, प्रश्न पासपोर्टचा आहे. कायमचा परवाना, अप्रोबात्सिओन, फक्त जर्मन आणि युरोपातल्या नागरिकांना. त्या बाईच्या बोलण्यात तुसडेपणा नव्हता, म्हणून तर भांडायलाही काही सापडलं नाही. ऊर्मिलाने फाइल घरी आणली, कपाटात ठेवली, मुलगी झाली, ऋचा, मदतनिसाचं ट्रेनिंग घेतलं आणि ऋचा किंडरगार्टनला जायला लागली तेव्हा इथे लागली. दोन हजार बाराच्या एप्रिलमध्ये कायदा बदलला. पासपोर्टची अट गेली. बातमी हृषिकेशने ऑफिसातून फोन करून सांगितली, आणि ती नुसतीच या, या, म्हणजे हो, हो, म्हणत राहिली, जर्मनमध्ये, मराठी माणसाशी. मग दोन वर्षं कागद, तात्पुरता परवाना, आणि आता येत्या जुलैत केन्टनिसप्र्यूफुंग, शिकलेलं सगळं पुन्हा सिद्ध करून दाखवायची परीक्षा. तयारीसाठी एक सेमिस्टर विद्यार्थ्यांच्या कोर्समध्ये बसू द्या, असं ती विचारायला गेली तेव्हा कोर्स चालवणाऱ्या सर्जन, केसलरबाई, हातातलं काम ठेवून तिच्याकडे वळल्या. नऊ वर्षांत हे तुम्ही मला एकदाही सांगितलं नाहीत, एवढंच म्हणाल्या. पहिल्या आठवड्यात सवयीने त्या हत्यारासाठी हात तिच्याकडेच करायच्या, आणि सवयीने ऊर्मिला करणाऱ्याच्या स्टुलावरून उठून ते द्यायची. मग दोघीही थबकायच्या.

हेर ब्रेनर तिला आधीपासून ओळखत होते. जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेला माणूस, गेली चार वर्षं इथे येत होता. आज तिने रुमाल बांधायच्या ऐवजी इंजेक्शन हातात घेतलं तेव्हा त्यांनी भुवया उंचावल्या, आणि आल्झो, म्हणजे अस्सं, आज तुम्ही त्या बाजूला, असं म्हणून तोंड उघडलं. एवढंच. टाळूतलं इंजेक्शन दुखतं. ते आधीच सांगून टाकलेलं बरं म्हणून तिने सांगितलं, आणि त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. तिथपासून ही मिटलेली मूठ, मध्ये वीस मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

मूठ कोणाची होती ते तिला आता कळलं. सत्त्याण्णव साली इंटर्नशिपमध्ये, कॉलेजच्या ओपीडीत, असंच झालं होतं. बाईचं नाव हौसाबाई. शिंदीच्या झाडण्या बांधून बाजारात विकणारी, तळहात फाटलेले, एसटीने दोन तास उभं राहून आलेली. वरचीच दाढ, फक्त डाव्या बाजूची. असाच मनगटात आलेला आवाज. ऊर्मिलाने घाबरून सरांकडे पाहिलं होतं. सरांनी दाढ पाहिली, ओपीडीच्या बाहेरची रांग पाहिली आणि इंग्रजीत म्हणाले की राहू दे, भरून येतं, तिला उगाच घाबरवू नकोस, केसपेपरवर पूर्ण काढली म्हणून लिही. सर वाईट नव्हते. ते म्हणाले त्यात अगदीच खोटं होतं असंही नाही. कधीकधी टोक राहू देणंच शहाणपणाचं असतं, हे पुढे तिने इथेही पाहिलं. पण इथे पेशंटला ते सांगतात. ऊर्मिलाने त्या दिवशी दाढ मुठीत मिटली आणि म्हणाली, झालं मावशी, सगळी निघाली. हौसाबाईने तोंडात कापूस असतानाच दोन्ही हात तिच्या गालांवरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. तीन आठवड्यांनी ती पुन्हा रांगेत दिसली. पदर गालाशी धरलेला, पदराखाली सूज. तिने ऊर्मिलाला पाहिलं का, ते ऊर्मिलाला माहीत नाही, कारण तिने मान वळवली, लहान मुलांच्या विभागात गेली आणि दुपारी एक वाजेपर्यंत तिथेच थांबली. मुलांना ब्रश कसा धरायचा ते शिकवत राहिली. एक वाजता रांग संपलेली होती. हौसाबाईला कोणी तपासलं, पुढे काय झालं, तिने विचारलं नाही. हृषिकेशलाही हे कधी सांगितलं नव्हतं. चौदा वर्षं हातात चिमटा धरला नाही, याला कायदा कारण होता, पासपोर्ट कारण होता, सगळं खरं होतं. आणि तरी कधीकधी, खिडकीमागच्या त्या सभ्य बाईचं उत्तर आठवताना, तिला एका कोपऱ्यात सुटल्यासारखं वाटायचं, हेही खरं होतं.

तिने मूठ उघडली.

दाढ तिने ट्रेमध्ये ठेवली, तुटलेली बाजू वर करून, आणि फ्रान्झिस्काला सक्शन बाजूला घ्यायला सांगितलं. हेर ब्रेनर यांच्या खुर्चीची पाठ थोडी वर केली. झोपलेल्या माणसाला वाईट बातमी सांगू नये, असं तिला आतून वाटलं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"हेर ब्रेनर, दाढ निघाली, पण पूर्ण नाही," ती जर्मनमध्ये म्हणाली. "एका मुळाचं टोक मोडलं आणि ते आत राहिलंय. माझ्या हातून मोडलं. ते काढता येईल असं मला वाटतं, पण आधी एक एक्स-रे हवा, आणि केसलरबाईंनी तो बघायला हवा. थोडा जास्त वेळ लागेल."

आपला आवाज सरळ आहे हे तिच्या लक्षात आलं. व्याकरणही सरळ होतं. हेर ब्रेनर यांनी कापसाच्या बोळ्यामागून विचारलं की दुखेल का. दुखणार नाही, दाब जाणवेल, आणि दुखलंच तर हात वर करा, मी थांबेन. मग त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. फ्रान्झिस्का ट्रेमधल्या दाढेकडे बघत होती. तिच्या मास्कवरचे डोळे मोठे झाले होते. त्यात निंदा नव्हती, भीती होती. पुढचा पेशंट तिचा होता.

केसलरबाई आल्या. ठेंगण्या, करड्या केसांच्या, चालताना बुटांचा आवाज न होणाऱ्या. त्यांनी दाढ पाहिली, एक्स-रे आल्यावर तो स्क्रीनवर मोठा करून पाहिला. टोक दिसत होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. त्याच्या वर एक पातळ पांढरी रेघ आणि रेघेच्या वर काळोख, गालाच्या हाडातली हवेची पोकळी. टोक वर ढकललं गेलं तर ते त्या पोकळीत जाणार, आणि मग हेर ब्रेनर यांना ऑपरेशन थिएटरात न्यावं लागणार. परीक्षेआधीचं मूल्यमापन केसलरबाईंच्याच सहीने जाणार, हे ऊर्मिलाला तेव्हा आठवलं, आणि आश्चर्य म्हणजे ते एखाद्या लांबच्या गोष्टीसारखं वाटलं.

"मी घेऊ का?" केसलरबाईंनी विचारलं.

या प्रश्नाला हो म्हणणं किती सोपं असतं ते ऊर्मिलाने नऊ वर्षं पाहिलं होतं. विद्यार्थी हो म्हणत, उठत, स्टूल रिकामं होई, आणि उठताना त्यांच्या खांद्यांतून काहीतरी ओघळून जाई. त्यांचं चुकत नसे. न येणारी गोष्ट न करणं हेही शिकावंच लागतं. पण तिला ही गोष्ट येत होती का? तिने स्वतःला खरंच विचारलं, घाई न करता. अशी टोकं निघताना तिने शेकड्यांनी पाहिली होती, इतक्या जवळून की रक्ताचा वास मास्कमधून यायचा. कोण टोकाला खालून हत्यार लावून ढकलतं आणि घालवतं, कोण बाजूने जागा करतं आणि वाट बघतं, तिला सगळं ठाऊक होतं. बघितलेलं हातात उतरतं का, एवढाच प्रश्न होता. आणि मिरजेतले दिवसाचे सात-आठ दात कुठेतरी हातातच असतील की नाही?

अजून नको, असं तिने सांगितलं. दोन मुळांमधला हाडाचा पातळ पडदा थोडा काढते, म्हणजे टोकाला बाजूला सरकायला जागा होईल. वरच्या दिशेने काही लावणार नाही. दहा मिनिटांत हललं नाही तर तुम्ही घ्या. केसलरबाईंनी हेर ब्रेनर यांच्याकडे वळून विचारलं की तुमची काय इच्छा आहे, मी करू की फ्राउ पोतदार करतील. हेर ब्रेनर यांनी बोळा गालात सरकवला.

"त्यांनी सुरू केलंय, त्यांनाच संपवू द्या," ते म्हणाले. "फक्त माझी सव्वाअकराची बस आहे."

गेनाऊ, अगदी बरोबर, असं म्हणून केसलरबाई स्टुलाच्या मागे उभ्या राहिल्या.

त्यानंतरची दहा मिनिटं ऊर्मिलाला पुढे कितीही आठवली तरी क्रमाने आठवली नाहीत. बारीक ड्रिल, त्यावरचं थंड पाणी, हाडाची पीठासारखी पांढरी धार आणि ती ओढून घेणारी नळी. फ्रान्झिस्का नळी चांगली धरत होती. एकदा ऊर्मिलाने न बोलता तिचं मनगट अर्धा इंच खाली केलं आणि ती तिथेच राहिली. डाव्या हाताची दोन बोटं जबड्याच्या आतून-बाहेरून, हाडाला आधार देणारी. तो डावा हात तिने मधेच एकदा पाहिला, परक्याचा असावा तसा, आणि मनात म्हणाली, ही होईल. मग एकदम अण्णा आठवले, तिचे सासरे. लग्नाच्या पहिल्या वर्षी मिरजेच्या घरी जेवताना ते सांगत होते, कारखान्यात चाळीस वर्षं फिटर होते ते, की इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बोल्ट मोडून राहिला की नवीन पोरं त्याच्यावर जोर काढतात. जोर काढायचा नसतो. त्याला म्हणायचं, बाबा, तुला यायचंय तेव्हा ये, मी तोवर जागा करतो. तेव्हा ती मान खाली घालून वाढत होती, आणि ते तिला नव्हे, हृषिकेशला सांगत होते. ऐकत मात्र तीच होती. आता तिने पातळ पात्याचं हत्यार मुळाच्या आणि हाडाच्या मधल्या केसाएवढ्या फटीत सरकवलं आणि फिरवलं नाही, नुसतं ठेवलं. मग किंचित. मग पुन्हा ठेवलं. कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला आणि फ्रान्झिस्काने तो न सांगता टिपला. कोपरापासून करंगळीपर्यंत एक तार ताणली गेली होती. हेर ब्रेनर यांचा हात वर झाला नाही. आणि मग पात्याच्या टोकाशी काहीतरी सैल झालं. दिसलं नाही, जाणवलं. घट्ट गाठीत बोट घालून बसावं आणि गाठीने अचानक मानावं, तसं. तिने हत्यार बाहेर काढलं, बारीक चिमटी आत नेली आणि टोक खाली आणलं. तांदळाचा दाणा. एका बाजूला तिरका काप, दुसऱ्या बाजूला पूर्ण, गोल, अखंड टोक.

ट्रेमध्ये तिने ते दाढेला लावून पाहिलं. काप कापाला बसला. मूळ पूर्ण झालं.

अजून एक उरलं होतं. हेर ब्रेनर यांचं नाक तिने दोन बोटांत धरलं आणि त्यांना हळूच नाकातून हवा सोडायचा प्रयत्न करायला सांगितलं. पोकळीला भोक पडलं असेल तर दाढेच्या खड्ड्यात रक्ताला बुडबुडे येतात. ती, फ्रान्झिस्का आणि केसलरबाई, तिघी त्या लहानशा लाल खड्ड्यावर वाकल्या. रक्त स्थिर होतं. एकही बुडबुडा नाही. केसलरबाई सरळ झाल्या आणि शिवून घ्या, एवढं म्हणून पुढच्या खुर्चीकडे गेल्या. त्या अशा सहज गेल्या, पाठ वळवून, याचा अर्थ ऊर्मिलाला चांगला कळत होता. टाके घालताना तिला हसू येत होतं आणि मास्क आहे ते बरं, असं वाटत होतं. हेर ब्रेनर उठले, गाल चाचपला आणि टोक बघायचंय म्हणाले. तिने तळहातावर धरून दाखवलं. एवढ्याशासाठी, ते म्हणाले, आणि तिचा हात दोन्ही हातांत घेऊन जोरात हलवला. अकरा वाजायला सात मिनिटं होती. बस मिळणार होती.

रिपोर्ट तिने स्वतः टाइप केला. मूळ मोडलं, पेशंटला ताबडतोब सांगितलं, एक्स-रे, पडदा काढला, टोक पूर्ण निघालं, पोकळी शाबूत. खाली करणाऱ्याचं नाव. नऊ वर्षं तिने असे रिपोर्ट दुसऱ्यांच्या नावाने टाइप केले होते, त्यामुळे बोटं सवयीने शेजारच्या रकान्यात, मदतनिसाच्या, जाऊ लागली. तिथे तिने फ्रान्झिस्काचं नाव घातलं आणि आपलं वर, जिथे हवं तिथे, अक्षर न अक्षर लावून लिहिलं. मग खुर्चीत मागे टेकून ते वाचलं. दोनदा वाचलं.

दुपारी कोर्सची चर्चा असते. सोळा विद्यार्थी, कॉफीचे कागदी कप, भिंतीवर सकाळचे एक्स-रे. केसलरबाईंनी तिला तिची केस सांगायला सांगितली. तिने उभं राहून सांगितली, कुठे जोर जास्त झाला, मुळाचा वाक एक्स-रेवर आधीच दिसत होता आणि तो तिने गांभीर्याने कसा घेतला नाही, हे सगळं. मुलं लिहून घेत होती. बसायच्या ऐवजी ती उभीच राहिली. मग ती म्हणाली की हे माझ्या हातून मोडलेलं पहिलं मूळ नाही, आणि हौसाबाईची गोष्ट सांगितली. जर्मनमध्ये झाडण्यांना शब्द पटकन सापडला नाही, तर बाजारात केरसुण्या विकणारी बाई, असं म्हणाली. मुठीबद्दल सांगितलं. रांगेबद्दल आणि लहान मुलांच्या विभागाबद्दलही सांगितलं. प्रत्येक वाक्यागणिक जमीन पायाखाली जास्त घट्ट होत गेली. शेवटच्या बाकावरून कोणीतरी विचारलं की पुढे त्या बाईचं काय झालं.

"मला माहीत नाही," ऊर्मिला म्हणाली. "मी विचारलं नाही. म्हणूनच सांगतेय."

पेनं थांबली होती. केसलरबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी कौतुक केलं नाही, सांत्वनही केलं नाही. त्या विद्यार्थ्यांना म्हणाल्या की मूळ प्रत्येकाचं मोडणार आहे, माझंही मोडतं. तोंडातून ते कसं काढायचं ते मी शिकवू शकते, आणि पेशंटला ते कसं सांगायचं ते आज फ्राउ पोतदारांनी शिकवलं. शिकवलं, असंच क्रियापद त्यांनी वापरलं. मग पुढचा एक्स-रे लावला. फ्रान्झिस्काची केस होती. तिच्या पेशंटचीही दाढ सकाळी निघाली होती, अखंड, आणि त्या वेळी सक्शन ऊर्मिलाने धरलं होतं.

बसमध्ये तिचा उजवा हात दुखायला लागला. मनगट नव्हे, कोपराखालचा मांसल भाग, आत खोलवर, ठणकत. हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं. मिरजेत शनिवारी संध्याकाळी असंच दुखायचं, आणि ती रविवारी हात उशीवर ठेवून झोपायची. चौदा वर्षांत आठवलंही नव्हतं. ऊन अजून उभं होतं, शेतांमध्ये शतावरी काढणारी माणसं वाकलेली होती, आणि ती तो हात मांडीवर घेऊन बसली होती, एखादी वस्तू शेजारच्या सीटवर न ठेवता जवळ धरावी तशी. कोणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, हा माझा हात आहे, आज याने काम केलंय.

घरी ऋचा किचनच्या टेबलावर गणित करत होती आणि अण्णा तिच्यासमोर पेपर घेऊन बसले होते. ते मार्चमध्ये आले होते, तीन महिन्यांसाठी. विष्णू पोतदार, वय अठ्ठ्याहत्तर, रोज सकाळी वाल्डॉर्फच्या रस्त्यांवरून तासभर चालत आणि वाटेत भेटणाऱ्या मराठी मंडळींना, सून काय करते असं विचारलं तर, दवाखान्यात मदतीला असते, असं सांगत. त्यात कमीपणा नसायचा. त्यांना माहीत होतं तेवढं ते सांगत. कोर्सबद्दल हृषिकेशने त्यांना सांगितलं होतं, पण परीक्षा अजून व्हायची आहे ना, असं म्हणून त्यांनी तो विषय बाजूला ठेवला होता. ऊर्मिला कणीक मळायला लागली आणि चौथ्या मुठीला तिचा हात थांबला. अण्णांनी पेपर खाली केला.

"हात भरलाय," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

तिने सांगायला सुरुवात केली, आधी थोडक्यात, मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली तशी सविस्तर. हत्यार केवढं रुंद होतं. पातं एका बाजूने की दोन्ही बाजूंनी. जोर खांद्यातून दिलास का मनगटातून. किती वेळ. सून आणि सासरे असे कधी बोलले नव्हते. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांचं बोलणं जेवायला काय, औषध घेतलंत का, यापलीकडे फारसं गेलं नव्हतं. आता दोन कारागीर बोलत होते आणि ऋचा पेन्सिल तोंडात धरून ऐकत होती. पोकळीचं आणि बुडबुड्यांचं ऐकताना अण्णा पुढे वाकले. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं की मोडलं ते त्याला कोणी सांगितलं, तुझ्या बाईंनी?

"मीच सांगितलं. लगेच."

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. मग ते उठले, आपली खुर्ची उचलून टेबलावरच्या दिव्याखाली नीट सरळ ठेवली आणि तीत बसले, पाठ टेकून, हात गुडघ्यांवर.

"ऊर्मिला, खालचा पुढचा एक दात दोन महिने हलतोय," ते म्हणाले. "हृषीला बोललो नाही. मिरजेला जाऊन बघू म्हटलं होतं. तू बघतेस का?"

तिने कणकेचं भांडं झाकलं. नळाखाली हात धुतले, बोटांच्या मधून, नखांतून, कोपरापर्यंत, सकाळी धुतले होते तितका वेळ. ऋचा खुर्चीवरून उतरली आणि जर्मनमध्ये म्हणाली की लाइट मी धरते. जेवताना तोंडाशी हात धरणारा, सुनेसमोर कधी जांभईही न दिलेला तो म्हातारा माणूस मान मागे करून बसला होता. ऊर्मिलाने डाव्या हाताने त्यांची हनुवटी धरली. वाढलेली पांढरी दाढी तिच्या बोटांना टोचली.

"अण्णा, अजून थोडं उघडा," ती म्हणाली, आणि त्यांनी उघडलं.